कोहळा सहा महिने, घोसाळे चार दिवस

नव्या घराच्या दारावर टांगलेला कोहळा महिनोन्‌महिने तसाच राहतो. त्याला मीठ लावलेले नसते, फ्रीजचा गारवा नसतो, तरी एक अख्खा उन्हाळा तो उघड्या हवेत काढतो. त्याच घरात पेणच्या बाजारातून आणलेली घोसाळी मात्र चौथ्या दिवशी सुरकुततात आणि सहाव्या दिवशी टाकून द्यावी लागतात. कोहळा आणि घोसाळे दोन्ही भोपळ्याच्या कुळातले. दोन्हींत वजनाच्या सुमारे ९५ टक्के पाणीच असते. म्हणजे ‘पाणी जास्त म्हणून लवकर खराब’ हे आपले नेहमीचे उत्तर इथे लागू पडत नाही. एवढ्या पाण्याचे एक फळ सहा महिने राहते आणि दुसरे आठवडाही काढत नाही, याचे कारण त्या फळांच्या वयात आहे. कोहळा पूर्ण पिकल्यावर तोडलेला असतो. घोसाळे वाढीच्या मध्यावर, बी पिकायच्या आधी.

दुधी, शिराळी, घोसाळी, पडवळ, काकडी या सगळ्या भाज्या आपण अशा अर्ध्या वाटेवर तोडतो. अलीकडे शहरांतल्या दुकानांत मिळणारी झुकिनी याच गटातली. युरोप-अमेरिकेत भोपळ्यांचे ‘उन्हाळी’ आणि ‘हिवाळी’ असे दोन वर्ग मानतात. वाढतात दोन्ही उन्हाळ्यातच. उन्हाळी भोपळा कोवळा तोडून लगेच खातात, हिवाळी भोपळा पिकवून साठवतात. एकाच वनस्पतीजातीतले काही वाण या वर्गात तर काही त्या वर्गात पडतात, म्हणजे हा भेद मुळात तोडणीच्या वेळेचा आहे. माझे म्हणणे असे, की वेलाची भाजी टिकवायची की नाही आणि टिकवायची तर कशी, याचा निकाल स्वयंपाकघरात लागतच नाही. तो वेलावर, तोडणीच्या दिवशी लागतो. आणि रायगडसारख्या दमट जिल्ह्यात हे ध्यानात न घेता केलेली साठवण हमखास वाया जाते.

फळ मोठे होताना आत काय घडते

वेलाच्या दृष्टीने फळ म्हणजे बिया पिकेपर्यंत त्यांना सांभाळणारे घर. फूल गळल्यावर पहिले काही दिवस फळ झपाट्याने फुगते. या काळात पेशी पाण्याने भरून ताणलेल्या असतात, त्यांच्या भिंती पातळ असतात, साल नखाने टोचेल इतकी नाजूक असते. म्हणून तर कोवळे शिराळे पटकन शिजते आणि पडवळ कच्चेही कुरकुरीत लागते. पण तोडल्यावरही फळ जिवंतच असते. ते श्वास घेते, साठवलेली साखर जाळते, उष्णता सोडते. वाढीच्या भरात तोडलेल्या फळाचा हा श्वास पिकलेल्या फळापेक्षा बराच वेगवान असतो. आता वेलाकडून रसद येत नाही, पातळ सालीतून पाणी उडत राहते, आणि ताणलेल्या पेशी सैल पडतात. घोसाळे मऊ पडते ते यामुळे; जंतूंचे काम त्यानंतर सुरू होते.

पिकलेल्या फळाची गोष्ट वेगळी. बिया तयार होत आल्या की वेल सालीवर खर्च करतो. लाल भोपळ्याची साल टणक होते, तिला बारीक जखम झाली तरी जिवंत फळ ती जागा बुचासारख्या थराने बुजवते. कोहळ्यावर पांढरी भुकटी चढते. ते मेण असते. ते पाणी आत राखते आणि बाहेरची ओल सालीवर बसू देत नाही. आतले ९५ टक्के पाणी तसेच असते, पण ते बंद घरात असते. त्यामुळे कोहळ्याची पांढरी भुकटी पुसून, धुऊन ‘स्वच्छ’ करून ठेवणे हा त्याचा नाश करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. देठ मुळाशी तोडणेही तसेच. देठाच्या जखमेतून कुजणे आत शिरते, म्हणून देठाचा चांगला तुकडा फळावर ठेवावा.

याच वाटेने आणखी पुढे गेले की फळ टिकते, पण खाण्याजोगे राहत नाही. घोसाळे वेलावर वाळू दिले तर आत धाग्यांचे जाळे उरते. तीच आंघोळीची घासणी. दुधीच्या जातीतलेच भोपळे पूर्ण वाळले की त्यांचे टणक तुंबे होतात. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्यासाठी पंढरपूर भागातून असे भोपळे आणतात, आणि ती वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या वाजतात. म्हणजे टिकाऊपणाची सोय वेलाकडेच आहे. भाजीसाठी फळ कोवळे तोडताना आपण ती सोय जाणूनबुजून नाकारतो आणि तिच्या बदल्यात चव घेतो.

चव घ्यायची तर वेळेवर

तो सौदा फायद्याचा ठरण्यासाठी चव खरोखर घेतली पाहिजे. रोह्याकडे भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी कुंडलिका नदीत येते, डोलवहाळच्या बंधाऱ्याशी अडते आणि कालव्यांनी शेतात पोचते. त्या पाण्यावर भाताच्या रानात उन्हाळ्यातही भाजीपाला उभा राहतो. पेणच्या खाडीकाठी, खारपाटात, गोड पाण्याचीच ओढ असल्याने तिथे वेल मुख्यतः पावसाळ्यात परसात, मांडवावर चढतात. दोन्हीकडे अडचण एकच: फळे धरू लागली की सगळी एकदम येतात. मग ‘एवढ्याचे करायचे काय’ म्हणून लोक साठवणुकीच्या युक्त्या शोधतात, आणि तोवर वेलावरची फळे जून होतात.

इथे वेलाचा स्वभाव कामी येतो. फळातल्या बिया पिकू लागल्या की वेल नवी फुले कमी धरतो, कारण त्याचे काम झालेले असते. फळे लहान असतानाच, दर एक-दोन दिवसांनी तोडली तर वेल पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि हंगाम लांबतो. म्हणजे रोज कोवळे तोडून खाणे ही स्वतःच एक साठवण आहे. पुढच्या पंधरवड्याची भाजी फुलांच्या रूपात वेलावर ठेवायची. बिया दोन खेपांत, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने लावल्या तर एकदम लोटणारी भाजी आणखी विभागते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने या हवेसाठी शिराळ्याचा ‘कोकण हरिता’, पडवळाचा ‘कोकण श्वेता’ असे वाण दिले आहेत. पण वाण कोणताही असो, तोडणी लांबली की फळ रेषाळ होणारच. बाजारात वजनावर भाव मिळतो म्हणून मोठा दुधी विकला जातो, हे शेतकऱ्याच्या बाजूने समजण्यासारखे आहे. घेणाऱ्याने मात्र नख रुतेल असाच दुधी मागावा.

कोवळ्या फळाच्या पाककृतीही पाण्याशी भांडणाऱ्या नसाव्यात. पडवळ वालाच्या डाळिंब्यांबरोबर शिजवतात तेव्हा पडवळाचे पाणीच डाळिंब्यांना पुरते. घोसाळ्याची भजी जमते, कारण पिठाच्या आवरणात त्याच्याच पाण्याची वाफ कोंडून काप मऊ होतो. शिराळ्याच्या शिरांची चटणी परतून होते, कारण पाणी गरात असते आणि सालीत कमी. या भाज्यांना आधी मीठ लावून ठेवले तर पाणी सुटते आणि भाजी गाळ होते. मीठ शेवटी घालावे. एक सावधगिरी मात्र कधीही सोडू नये: दुधी, काकडी किंवा घोसाळे चिरल्यावर एक तुकडा चाखून पाहावा. कडू लागला तर अख्खे फळ टाकून द्यावे. त्या कडवटपणामागे कुकुर्बिटासिन नावाची द्रव्ये असतात, ती शिजवून जात नाहीत. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसे दगावली आहेत आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने असा रस पिऊ नये असे स्पष्ट बजावले आहे. कारल्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा. त्यावरून दुधीचा हिशेब करू नये.

कोकणात वाळवण अवघड का

आता खरी साठवण. पदार्थ टिकवणे म्हणजे त्यातले पाणी सूक्ष्मजीवांच्या हाती लागू न देणे. पाणी किती आहे यापेक्षा किती मोकळे आहे याला महत्त्व असते. शास्त्रज्ञ ही मोकळीक ० ते १ अशा मापाने मोजतात. ताज्या भाजीची मोकळीक जवळजवळ १. ०.९ च्या आसपास बहुतेक जिवाणू थांबतात, ०.७ च्या खाली बहुतेक बुरशा, आणि ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही. वाळवणाचे ध्येय हा शेवटचा आकडा. आणि इथेच कोकणची हवा आड येते, कारण उघडा ठेवलेला पदार्थ आसपासच्या हवेशी हळूहळू जुळवून घेतो. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर पदार्थाची मोकळीक अखेर ०.६५ च्या आसपास स्थिरावते. कितीही दिवस ठेवा, त्याखाली ती फारशी जात नाही.

ऊन कमी पडते असे नाही. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे पाऊण युनिट विजेएवढी उष्णता लागते, आणि उन्हाळ्यात एक चौरस मीटर गच्चीवर दिवसभरात पाच-सहा युनिटांएवढे ऊन पडते. अडते ते हवेपाशी. प्रवाशांनी खच्चून भरलेली एसटी रोह्याच्या स्थानकात आली तर फलाटावर कितीही माणसे तयार उभी असोत, दोन-चारच आत शिरतात. दमट हवेचे तसेच होते. विदर्भात मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाते, म्हणून तिथे काहीही वाळते. समुद्रावरून वारा येणाऱ्या पेण-रोह्यात ती चैत्र-वैशाखातही साठ-सत्तरच्या आसपास रेंगाळते आणि आषाढात नव्वदजवळ जाते. म्हणजे कोकणातला उन्हाळा वाळवणाला उंबरठ्यापर्यंत आणून सोडतो. उंबरठा ओलांडायचा तर तीन गोष्टींचा आधार लागतो: पदार्थ पातळ आणि लहान हवा, थेट उन्हाने तापलेला हवा, आणि रात्रीची ओल लागण्याआधी घरात यायला हवा. पेणचे पोह्याचे पापड नावाजले गेले ते याच हवेत. पापड पातळ असतो, त्यातले पीठ मुळातच जवळजवळ कोरडे असते, आणि मीठ-खार मोकळे पाणी आणखी बांधून ठेवतात. दमट हवेशी झगडून बसवलेली ती रीत आहे.

कोहळ्याचे सांडगे: दोन मुक्कामांची साठवण

कोवळ्या दुधीच्या चकत्या या उंबरठ्यापाशी अडकतात. एक किलो दुधीत घन भाग चाळीस-पन्नास ग्रॅम. तेवढ्यासाठी साडेनऊशे ग्रॅम पाणी हवेला द्यायचे. चकती बाहेरून चिवट होते, आतली ओल कोंडते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो.

कोहळ्याच्या सांडग्यांत या प्रत्येक अडचणीला उत्तर आहे. पावसाळ्यात वाढलेला कोहळा हिवाळ्याच्या तोंडाशी पिकतो. त्या वेळी त्याचे सांडगे कोणी घालत नाही. ऊन मऊ असते आणि दिवस लहान. चार-पाच महिने तो स्वतःच्या मेणाच्या सालीत राहतो. हा पहिला मुक्काम, बिनखर्चाचा. मग चैत्र-वैशाखात, ऊन सर्वांत कडक असताना, तो फोडतात. कीस पाडला की पेशी फाटतात आणि पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. मीठ लावून पिळला की पाण्याचा मोठा भाग हातानेच निघतो, उन्हाला तेवढे काम कमी. पेण तालुक्याच्या खाडीकाठाने मिठागरे होती, त्यामुळे मीठ इथे दुर्मीळ नव्हते. पिळलेल्या किसात उडदाच्या डाळीचे वाटण, मिरची, हिंग मिसळतात. डाळ कोरडा भाग वाढवते, उरलेले पाणी धरून ठेवते, आणि तिच्या चिकटपणामुळे वाटणात हवा अडकते. लहान लहान सांडगे घातले की सगळ्या बाजूंनी वारा लागतो. दुसऱ्या दिवशी उलटायचे, संध्याकाळी आत घ्यायचे, आणि मोडल्यावर कट्‌कन आवाज येईपर्यंत ऊन दाखवायचे. पिळून काढलेले पाणी फेकू नये. त्यात मीठ आणि चव दोन्ही असते, आमटीत किंवा भाकरीच्या पिठात ते जाते.

लाल भोपळ्याचे मात्र सांडगे करण्याच्या फंदात पडू नये असे मला वाटते. त्याचे सत्त्व त्याच्या केशरी रंगात आहे, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते. हे द्रव्य उन्हाने उडते. अख्ख्या भोपळ्यात ते सालीआड सुखरूप असते. भोपळा अख्खाच, कोरड्या आणि वारा खेळत्या जागी, जमिनीला थेट न टेकवता ठेवावा आणि फोडला की दोन-तीन दिवसांत घारगे, भाजी, खीर करून संपवावा.

‘पण इतर ठिकाणी तर जमते’

कोवळे फळ कोकणात वाळवू नये या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा, की काश्मिरात कोवळ्या दुधीच्याच चकत्या माळा करून वाळवतात. ‘अल हच’ म्हणून तो हिवाळ्यातला नेहमीचा पदार्थ आहे. बरोबर. पण तिथल्या शरदातली हवा कोरडी असते आणि पुढचा हिवाळा थंड. कोकणात वाळवणानंतर लगेच चार महिन्यांचा पाऊस येतो. दुसरे उदाहरण जपानचे, आणि ते अधिक बोचरे, कारण जपानचा उन्हाळा आपल्यासारखाच दमट. तोचिगी प्रांतात दुधीच्या गराच्या लांब फिती काढून ‘कानप्यो’ करतात. पण ती फीत तीन-चार मिलिमीटर जाडीची असते, काम पहाटे सुरू होते, आणि मालाला बहुधा गंधकाची धुरी देतात, म्हणजे तो काळा पडत नाही आणि बुरशी धरत नाही. दमट हवेत कोवळे फळ वाळवायचे तर रसायनाचा हात धरावा लागतो, असेच त्यातून दिसते. आपण डाळीचा आणि मिठाचा धरतो.

दुसरा आक्षेप फ्रीजवाल्यांचा. फ्रीजने दोन-तीन दिवस वाढतात, हे मान्य. पण ही उष्ण प्रदेशातली फळे आहेत. चार-पाच अंशांच्या गारठ्यात काही दिवस राहिली की त्यांच्या पेशींचे पडदे बिघडतात, सालीवर खड्डे पडतात आणि बाहेर काढताच ती पाणचट होतात. भाजीच्या कप्प्यात, कापडात किंवा कागदात गुंडाळून, चार दिवसांत संपवणे हा त्याचा योग्य वापर. डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांत सूक्ष्मजीव थांबतात, पण बर्फाचे स्फटिक पातळ पेशीभिंती फाडतात. चकत्या उकळत्या पाण्यातून तीन मिनिटे काढून, गार करून, कोरड्या करून ठेवल्या तर रंग आणि वास टिकतो, कारण ते बिघडवणारी विकरे, म्हणजे फळातली कामकरी प्रथिने, उष्णतेने निकामी होतात. पोत मात्र परत येत नाही. तो दुधी कोफ्त्याला, सुपाला, हलव्याला चालेल; परतलेल्या भाजीला नाही. आणि वीज जाण्याची सवय असलेल्या गावात या साठवणीवर हंगामाचा भरवसा ठेवता येत नाही.

तिसरा मार्ग धोक्याचा, म्हणून त्यावर ठामपणे सांगितले पाहिजे. कोवळ्या भाज्या उकळून बाटलीत हवाबंद करणे, किंवा नुसत्या तेलात बुडवून ठेवणे, घरी करू नये. या भाज्यांत आंबटपणा जवळजवळ नसतो. हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या, ओल्या जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढतात आणि त्यांचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. त्यांना १२१ अंश लागतात, तेही बाटलीच्या अगदी मध्यापर्यंत. मऊ गर बाटलीत दाबून बसतो आणि मध्यापर्यंत उष्णता किती वेळात पोचेल हे सांगता येत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी विभागाने कोवळ्या भोपळ्यांच्या घरगुती डबाबंदीच्या जुन्या सूचना मागे घेतल्या. आपले लोणचे सुरक्षित असते ते तेलाने नव्हे, लिंबाच्या किंवा कैरीच्या आंबटपणाने आणि भरपूर मिठाने. काकडीचे लोणचे घालायचे तर हे दोन्ही सढळ हवे.

> थोडक्यात उपयोगाचे
> नख रुतते ते फळ चार दिवसांत खावे. नख रुतत नाही ते, देठासह आणि न धुता, अख्खे ठेवावे. कोहळा भर उन्हाळ्यासाठी राखून सांडग्यांना वापरावा, लाल भोपळा अख्खाच वापरावा. कोवळे टिकवायचेच तर लिंबू-मिठात, किंवा उकळत्या पाण्यातून काढून डीप फ्रीजरमध्ये. कडू लागलेले फळ कशातच वापरू नये.

पावसात डबा उघडताना

मे महिन्यात कुरकुरीत असलेले सांडगे जुलैत मऊ पडतात, तेव्हा वाळवण कच्चे राहिले असा समज होतो. बहुधा तसे नसते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की कोरडे मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. रायगडच्या पावसाळ्यात ही पातळी महिनोन्‌महिने ओलांडलेली असते. सांडग्यातले जे मीठ वैशाखात राखणदार होते, तेच आता उघड्या डब्यात पाणी आत ओढते. म्हणून एकच मोठा डबा भरू नये. प्रत्येक वेळी झाकण उघडले की सगळ्या सांडग्यांना नवी दमट हवा मिळते. आठवड्याला पुरतील अशा लहान, घट्ट झाकणाच्या बरण्या भराव्यात. भरताना सांडगे उन्हातून आल्यावर पूर्ण निवलेले हवेत, नाहीतर आतल्या वाफेचे थेंब झाकणाखाली जमतात. मऊ पडलेले पण बुरशी न धरलेले सांडगे कोरड्या कढईत मंद आचेवर गरम केले की परत तळण्याजोगे होतात. तळताना आत उरलेल्या थोड्या ओलीची वाफ होऊनच ते फुलतात, त्यामुळे दगडासारखे कोरडे करण्याचीही गरज नाही. बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र ती बरणी टाकून द्यावी. काही बुरशांची विषे कढत तेलातही टिकतात.